सहा फुटांची तार

मराठीच्या संगणकीकरणाचा इतिहास आता बऱ्यापैकी लिहिला गेला आहे. कळफलक कसे ठरले, फॉन्ट कोणी घडवले, युनिकोड कधी आले, त्यावरून कोणाकोणाचे वाद झाले, यावर लेख आहेत, परिसंवादही झाले आहेत. या सगळ्यात एक प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. संगणकावर उतरवलेला मजकूर एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात जात कसा होता? छापील पुस्तकाचा इतिहास लिहिताना आपण खिळे कोणी ओतले एवढ्यावर थांबत नाही. कागद कुठून येई, पार्सले कोणत्या गाडीने जात, हेही पाहतो. संगणकातल्या मराठीच्या बाबतीत ही वाहतुकीची बाजू कोरीच राहिली आहे.

तो काळ फार थोडा होता, हे त्याचे एक कारण. नागपूरपुरते बोलायचे तर घरांमध्ये संगणक दिसू लागले तिथपासून इंटरनेट आणि पेन ड्राइव्ह सर्रास हाती येईपर्यंतचा, म्हणजे ढोबळमानाने १९९३ ते २००३. या दहा वर्षांत एका घरातल्या संगणकातून दुसऱ्या घरातल्या संगणकात मोठी फाइल न्यायची तर खात्रीचा मार्ग जवळजवळ एकच होता. दोन्ही संगणक एका टेबलावर आणायचे आणि त्यांच्यामध्ये एक तार लावायची. ती साधारण सहा फुटांची असे. हा लेख त्या तारेविषयी आहे; तिच्यातून काय पार झाले आणि काय अलीकडेच राहिले, त्याविषयीही आहे. त्या वर्षांत मी नागपुरात घरीच अक्षरजुळणीची, म्हणजे आपण ज्याला डीटीपी म्हणतो त्याची, कामे करीत होतो. त्यामुळे यातले बरेचसे ऐकीव नाही, हाताने केलेले आहे.

दुसरे मार्ग नव्हते असे नाही. फ्लॉपी होती. साडेतीन इंची फ्लॉपीत १.४४ मेगाबाइट मावत आणि नुसता मजकूर असेल तर ही जागा भरपूर होती. एखादी कादंबरी एका फ्लॉपीत आरामात बसे. पण दिवाळी अंक म्हणजे नुसता मजकूर नव्हे. त्यात मुखपृष्ठ, चित्रे, सराफांच्या आणि साडीवाल्यांच्या जाहिराती, स्कॅन केलेली छायाचित्रे. पेजमेकरची फाइल बघता बघता वीस-पंचवीस मेगाबाइटची होई. मग तिचे एआरजे नावाच्या प्रोग्रॅमने तुकडे पाडायचे, पंधरा-वीस फ्लॉप्यांवर भरायचे, त्यांना पेन्सिलीने क्रमांक घालायचे. यातली एक फ्लॉपी जरी रुसली तरी बाकीच्यांचा उपयोग शून्य. पडद्यावर 'अबॉर्ट, रिट्राय, फेल?' अशी विचारणा होई आणि माणूस मोठ्या आशेने 'रिट्राय' दाबत बसे. नागपूरचा उन्हाळा आणि त्यामागून येणारा पावसाळा, दोन्ही फ्लॉपीचे वैरी. मे महिन्यात स्कूटरच्या डिकीत राहिलेली फ्लॉपी वाकायची, ऑगस्टमध्ये कपाटात राहिलेलीला बुरशी यायची.

इंटरनेट म्हणाल तर विदेश संचार निगमने ते सर्वसामान्यांसाठी १५ ऑगस्ट १९९५ रोजी खुले केले, पण ते आधी मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथे. नागपूरकराला सुरुवातीला त्यासाठी बाहेरगावी एसटीडी लावावा लागे. २८.८ किलोबिटच्या मोडेमने दहा मेगाबाइटची फाइल पाठवायची तर सगळे सुरळीत असतानाही पाऊण तासाहून जास्त वेळ लागणार, आणि तेवढा वेळ लाइन न तुटता टिकली पाहिजे. मुंबईच्या छपाईसाठी फाइल पाठवायची झाली तर ८३७ किलोमीटरचा तो प्रवास फ्लॉप्यांचा गठ्ठा रात्रीच्या विदर्भ एक्स्प्रेसने जास्त भरवशाने करी. गावातल्या गावात मात्र संगणकच उचलून न्यायचा.

संगणक म्हणजे त्याचा डबा. त्याला सगळेच 'सीपीयू' म्हणत, जरी खरा सीपीयू हा त्याच्या पोटातला एक चौकोनी तुकडा असला तरी. स्कूटरवर पुढे पाय ठेवायच्या जागेत हा डबा उभा बसे. दोन गुडघ्यांत तो धरून लोक महालातून धरमपेठेत, धंतोलीतून इतवारीत जात. मॉनिटर न्यायची गरज नसे. ज्याच्या घरी जायचे त्याचाच मॉनिटर काढून आधी आपल्या डब्याला लावायचा, प्रोग्रॅम सुरू करून द्यायचा, आणि मग परत त्याचा त्याला द्यायचा. पुढचे काम तार करी.

*

आता त्या तारेकडे वळू. वरवर पाहता दोन सारख्या यंत्रांना जोडणे ही अगदी साधी गोष्ट वाटते, पण ज्या खिडकीतून ती जोडायची ती खिडकी या कामासाठी बनलेलीच नव्हती. संगणकाच्या मागे असलेल्या सीरियल पोर्टचे मूळ १९६० साली अमेरिकेत ठरलेल्या आरएस-२३२ या मानकात आहे. १९६९ साली त्याची 'सी' आवृत्ती आली आणि तीच पुढे रूढ झाली. हे मानक दोन असमान यंत्रांसाठी होते. एका टोकाला माणसासमोरचे टर्मिनल, दुसऱ्या टोकाला टेलिफोन लाइनशी बोलणारा मोडेम. टर्मिनल कोणत्या पिनेवर बोलणार आणि मोडेमने त्याच पिनेवर ऐकायचे, हे त्यात ठरवून दिलेले होते. घरगुती संगणक बाजारात आले तेव्हा त्यांनी टर्मिनलची भूमिका घेतली. साहजिकच दोन संगणक सरळ तारेने जोडले की दोघेही एकाच तारेवर बोलत आणि दोघेही दुसऱ्या तारेवर कान लावून बसत. लहानपणी आपण आगपेट्या आणि दोरा घेऊन फोन करायचो. त्यात दोघांनीही आगपेटी तोंडाला लावली तर जे होईल तेच इथे होई.

उपाय म्हणजे तार फुलीसारखी उलटवणे. इकडची बोलायची पिन तिकडच्या ऐकायच्या पिनेला आणि तिकडची इकडे. अशा तारेला 'नल मोडेम' म्हणतात. मोडेम मधे आहे असे दोन्ही यंत्रांना वाटावे, पण प्रत्यक्षात तिथे काही नसावे. नऊ पिनांच्या दोन पोर्टांत दुसरी पिन तिसरीला, तिसरी दुसरीला आणि पाचवी पाचवीला, एवढ्या तीन तारांवरही काम भागे. पण जुन्या यंत्रांवर पंचवीस पिनांचा पोर्ट असे आणि त्यावर बोलायची व ऐकायची पिन मुळातच उलट असे. त्यामुळे एकीकडे नऊ आणि दुसरीकडे पंचवीस पिना असतील तर दोनला दोन आणि तीनला तीन असे सरळच जोडायचे, की आपोआप फुली होते. हा बारकावा माहीत नसल्यामुळे सोल्डरिंग करून केलेली किती तरी तार लोकांनी फुकट गेली म्हणून फेकून दिली असेल.

तार झाली तरी तिच्यावरून बोलायची रीत लागते. शिकागोच्या वॉर्ड ख्रिस्टेन्सन यांनी १९७७ साली जो प्रोग्रॅम लिहिला त्यातून एक्समोडेम ही पद्धत निघाली. फाइलचे १२८ बाइटचे घास करायचे, प्रत्येक घासासोबत त्याची बेरीज पाठवायची, पलीकडच्याने बेरीज पडताळून 'मिळाले' म्हणायचे, नाही तर तोच घास पुन्हा. १९८१ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात 'कर्मिट' तयार झाले. विद्यापीठाच्या मोठ्या संगणकावर विद्यार्थ्यांना जागा अपुरी पडे. आपापल्या फाइली छोट्या संगणकाच्या फ्लॉपीवर उतरवून घेता याव्यात म्हणून फ्रँक दा क्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत घडवली आणि तिला दूरदर्शन मालिकेतल्या एका बेडकाचे नाव दिले. या बेडकाचा आपल्या मराठीशी जवळचा संबंध आहे; त्याच्याकडे पुढे येतो.

बाजारात मात्र नाव झाले ते लॅपलिंकचे. १९८० च्या दशकाच्या मध्याला मांडीवरचे संगणक आले त्यांत साडेतीन इंची फ्लॉपी होती आणि टेबलावरच्या संगणकांत सव्वापाच इंची. म्हणजे एकाची फ्लॉपी दुसऱ्यात जाईचना. अमेरिकेतल्या ट्रॅव्हलिंग सॉफ्टवेअर या कंपनीने यावर तार आणि प्रोग्रॅम अशी जोडी विकली. नागपुरात फार थोड्यांनी तो मूळ खोका पाहिला असेल, पण बर्डीवरच्या दुकानात "लॅपलिंक द्या भाऊ" म्हटले की दुकानदार न विचारता योग्य ती तार पुढे करी. डालडा किंवा झेरॉक्ससारखे ते जातिवाचक नाम झाले होते.

दुकानदार जी तार देई ती बहुधा पॅरलल पोर्टाची, म्हणजे प्रिंटरच्या खिडकीत लागणारी असे. या तारेची युक्ती मला आजही सगळ्यात सुंदर वाटते. प्रिंटरचा पोर्ट हा एकतर्फी होता. संगणकाकडून प्रिंटरकडे आठ तारा मजकूर नेत. प्रिंटरकडून परत मात्र मजकूर येण्याचे कारणच नव्हते. येत असे तो फक्त निरोप, आणि त्याच्यासाठी पाच तारा होत्या. 'मिळाले', 'थांब, कामात आहे', 'तयार आहे', 'काही तरी चुकले' आणि 'कागद संपला'. ज्याने ही तार योजली त्याने एका संगणकाच्या मजकुराच्या तारा दुसऱ्याच्या या निरोपांच्या तारांना जोडल्या. मग चार तारांवरून अर्धा-अर्धा बाइट करून मजकूर उलट आत शिरू लागला आणि पाचवी तार ताल धरू लागली. आठवा, आपल्या कोणाच्या तरी कवितेतला प्रत्येक चौथा भाग त्या दशकात 'कागद संपला' या तारेवरून एका घरातून दुसऱ्या घरात गेला आहे.

पॅरलल तार सीरियलपेक्षा काही पटींनी वेगवान होती. पण आमच्या व्यवसायात तिला एक खास अडचण होती. मराठीच्या बऱ्याच सॉफ्टवेअरांना त्या काळी 'लॉक' असे, अंगठ्याएवढा एक ठोकळा, जो याच प्रिंटरच्या खिडकीत बसवावा लागे. तो नसेल तर प्रोग्रॅम उघडायला नकार देई. लॉकच्या पाठीवर तार लावली तर कधी चाले, कधी नाही. शेवटी लॉक काढायचा, तार लावायची, फाइल न्यायची, तार काढायची, लॉक लावायचा. मराठी लिहिणे आणि मराठी पाठवणे ही दोन्ही कामे एकाच दारातून होती आणि एका वेळी एकच माणूस आत जाऊ शके.

*

१९९३ च्या मार्चमध्ये एमएस-डॉस ६ आले आणि त्यात 'इंटरलिंक' व 'इंटरसर्व्हर' हे दोन छोटे प्रोग्रॅम फुकट मिळाले. आता वेगळे काही विकत घेण्याची किंवा उसने आणण्याची गरज उरली नाही. एका यंत्रावर इंटरसर्व्हर सुरू केला की त्याची हार्ड डिस्क दुसऱ्या यंत्रावर स्वतःच्याच आणखी एका डिस्कसारखी दिसू लागे. पहिले यंत्र तेवढा वेळ दुसऱ्या कशाला उपयोगी पडत नसे. नुसते देत बसे. दुसऱ्या यंत्रावर हे प्रोग्रॅमच नसले तर? त्याचीही सोय होती. त्या यंत्रावर दोन आज्ञा टंकायच्या. दुसऱ्या आज्ञेने ते यंत्र आपला कळफलक सोडून देई आणि तारेवरून येईल तो हुकूम पाळू लागे. मग प्रोग्रॅम स्वतःच स्वतःला तारेवरून तिकडे पाठवून देई. हे पहिल्यांदा पाहणाऱ्या एका ज्येष्ठ संपादकांनी खुर्ची मागे सरकवली होती.

२४ ऑगस्ट १९९५ ला विंडोज ९५ आले. त्यात 'डायरेक्ट केबल कनेक्शन' होते. त्यात एका यंत्राला 'होस्ट' आणि दुसऱ्याला 'गेस्ट' व्हावे लागे. देणारा तो यजमान, घेणारा तो पाहुणा. आमच्याकडे गंमत अशी की डबा घेऊन आलेला पाहुणा बहुतेक वेळा देणारा असे, म्हणजे संगणकाच्या लेखी यजमान. आणि ज्याच्या घरचा चहा चालू असे तो घरमालक संगणकाच्या लेखी पाहुणा.

वेग किती? सीरियल तारेची घरगुती संगणकावरची कमाल सेकंदाला १,१५,२०० बिट. एका बाइटमागे सुरुवातीचा आणि शेवटचा धरून दहा बिट जातात, म्हणजे सेकंदाला सुमारे ११,५०० बाइट. एका फ्लॉपीइतका माल दोन मिनिटांत. पण ५०० मेगाबाइटची अख्खी हार्ड डिस्क न्यायची तर साडेबारा तासांहून जास्त. म्हणून ही कामे रात्री चालत. संध्याकाळी तार लावायची, पडद्यावरची पट्टी सरकते आहे याची खात्री करायची आणि कूलरसमोर गप्पा मारत बसायचे. वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून, किंवा निदान त्या फाइलपासून.

विजेवरून आठवले. या तारेत एक धोका होता आणि त्याची किंमत अनेकांनी मोजली. तारेतली एक वाहिनी दोन्ही यंत्रांची जमीन एकमेकींना जोडते. दोन संगणक घरातल्या दोन वेगवेगळ्या बोर्डांवर लावले असतील आणि अर्थिंग नीट नसेल तर त्या दोन जमिनींच्या दाबात फरक असतो आणि तो फरक मग त्या बारीक तारेतून वाहू लागतो. पोर्टामागची चिप जाते. जुन्या वाड्यांतले वायरिंग काय लायकीचे होते ते सांगायला नको. मीठ-कोळसा घालून केलेला अर्थिंगचा खड्डा नागपूरच्या उन्हाळ्यात कोरडा पडतो, त्यात पाणी ओतत राहावे लागते. ते कोण ओतणार? संगणकाच्या डब्याला हात लावला की झिणझिण्या येणारी घरे मला पाच-सहा तरी माहीत होती. जाणकार मंडळी दोन्ही प्लग एकाच एक्स्टेन्शन बोर्डात लावल्याशिवाय तारेला हात लावत नसत.

*

आता मराठीचा मुद्दा. हा सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि थोडा किचकट आहे, पण तो समजून घेतल्याशिवाय त्या दशकातल्या मजकुराचे पुढे काय झाले ते कळणार नाही.

संगणकात एक अक्षर साठवायला एक बाइट लागे, म्हणजे आठ बिट, आठ बटणे. अमेरिकेने १९६३ साली ठरवलेल्या ॲस्की संकेतात इंग्रजीला सात बटणे पुरली. सातांच्या १२८ जुळण्यांत त्यांची सारी अक्षरे, आकडे, विरामचिन्हे बसली. आठवे बटण दाबले की आणखी १२८ जागा मिळतात, आणि भारतीय भाषांना जे घर मिळाले ते तिथे. आयआयटी कानपूरमध्ये आणि नंतर पुण्याच्या सी-डॅकमध्ये मोहन तांबे आणि सहकाऱ्यांनी 'जिस्ट' हे तंत्र उभे केले. १९९१ साली भारतीय मानक म्हणून 'इस्की' प्रसिद्ध झाले. त्यात खालच्या १२८ जागा इंग्रजीच्या आणि वरच्या भारतीय लिपींच्या. थोडक्यात, मराठी आठव्या बिटात राहत होती.

आणि जुन्या सीरियल जोडण्यांची एक सवय होती. त्या पुष्कळदा सातच बिट नेत. आठवा बिट तपासणीसाठी वापरत किंवा सरळ टाकून देत. इंग्रजीचे त्यात काही बिघडत नव्हते. मराठीचे मात्र सगळेच जाई. तारेच्या या टोकाला कथा टाकली तर त्या टोकाला इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा ढिगारा पडे. रशियनांनी ही भीती आधीच ओळखली होती. त्यांच्या कोई-८ या संकेतात अक्षरांचा क्रम मुद्दाम असा लावला होता की आठवा बिट गळाला तर रोमन लिपीत उच्चारानुसार वाचता येईल असे काही तरी उरावे. इस्कीने हा विचार केला नाही. तिने वर्णमालेचा क्रम पाळला, जेणेकरून एकच संकेत देवनागरी, बंगाली, तमिळ अशा सगळ्यांना चालावा. मला ही निवड योग्यच वाटते. पण तिची किंमत तारेवर मोजावी लागे. कर्मिटचा उपयोग इथे होता. सात बिटांच्या वाटेवरूनही आठ बिटांचा माल नेता यावा म्हणून त्यात प्रत्येक वरच्या अक्षरापुढे एक खूण लावून ते खालचे करून पाठवायची सोय होती; पलीकडे खूण काढली की अक्षर जसेच्या तसे. न्यूयॉर्कमध्ये विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी केलेली ही तजवीज आपल्या आठव्या बिटातल्या भाषेच्या नेमकी कामी आली.

इस्की हे मानक होते, पण डीटीपीवाल्यांच्या टेबलावर राज्य दुसऱ्याचेच होते. श्रीलिपी, आकृती आणि इतर अनेक फॉन्टांनी बाइटमध्ये अक्षर साठवलेच नाही. अक्षराचा आकार साठवला. काना वेगळा, अर्धा त वेगळा, वेलांट्या वेगळ्या. आणि प्रत्येकाने त्या आकारांना आपापल्या जागा दिल्या. त्यामुळे फाइल तारेवरून एक बिटही न सांडता पार झाली तरी पलीकडच्या संगणकात तोच फॉन्ट नसेल तर पडद्यावर उलटी प्रश्नचिन्हे आणि डोक्यावर दोन टिंबे घेतलेले परदेशी स्वर दिसत. म्हणून मजकुरासोबत फॉन्टही न्यावा लागे. लॉकमुळे प्रोग्रॅम जाऊ शकत नव्हता, फॉन्ट मात्र सहज जाई. हे कायद्याला धरून नव्हते, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. आणि हेही म्हटले पाहिजे की ते झाले नसते तर त्या वर्षांतले अर्धे दिवाळी अंक निघाले नसते.

फाइलींची नावे आठ रोमन अक्षरांत कोंबावी लागत, त्यामुळे कोणत्या फाइलीत काय आहे ते फक्त ठेवणाऱ्याला ठाऊक. आज वारसदार असा संगणक उघडतात तेव्हा पहिली अडचण तीच असते.

*

एक गोष्ट मध्येच सांगतो, कारण ती नागपूरच्या वाटेने जाते. अमेरिकेने क्रे हा महासंगणक द्यायला नकार दिल्यानंतर १९८८ साली पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि तिची धुरा विजय भटकर यांच्याकडे आली. भटकर अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. अभियांत्रिकीची पदवी त्यांनी नागपूरच्या विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातून, आजच्या व्हीएनआयटीतून घेतली. १९९१ साली जो 'परम ८०००' तयार झाला तो एक अगडबंब यंत्र नव्हता. ६४ ट्रान्सप्युटर, म्हणजे ६४ छोटे प्रोसेसर, एकमेकांना थेट जोडलेले. प्रत्येक ट्रान्सप्युटरला शेजाऱ्यांशी बोलायला चार सीरियल दुवे असतात. मोठे मिळत नाही तर छोटे छोटे तारेने जोडा, हा जो विचार देशाच्या पातळीवर गौरवला गेला, तोच आमच्या टेबलावर रोज चालू होता. आणि त्याच संस्थेत पलीकडच्या विभागात आमची अक्षरे आठव्या बिटात बसवली जात होती. परमवर पुस्तके आहेत. टेबलावरच्या तारेवर नाहीत. मला त्यात कोणाचा दोष दिसत नाही, पण इतिहासकाराने दोन्ही तारा पाहाव्यात असे वाटते.

तार संपली ती हळूहळू आणि चारी बाजूंनी. नेटवर्क कार्ड स्वस्त झाले. मग दोन कार्डांमध्ये 'क्रॉस' केबल लागू लागली, जिच्या एका टोकाला नारिंगी आणि हिरव्या जोडीची अदलाबदल करून क्लिप दाबायची. पुन्हा तीच फुली, फक्त वेग शंभरेक पटींनी जास्त. पुढे कार्डेच इतकी शहाणी झाली की सरळ तार लावली तरी फुली आतल्या आत करून घेऊ लागली. सीडी रायटर आला, पेन ड्राइव्ह आला. नव्या संगणकांच्या पाठीवरून सीरियल आणि प्रिंटर, दोन्ही खिडक्या बुजवल्या गेल्या.

आणि याच सुमारास अक्षरही बदलले. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासूनच होती, तीही इस्कीच्या आधीच्या आवृत्तीवरून घेतलेली. पण ती घरगुती संगणकावर खरी उतरली ती २००० साली, विंडोज २००० सोबत, र. कृ. जोशी यांनी रेखाटलेल्या 'मंगल' या फॉन्टने. म्हणजे मजकूर नेण्याची जुनी वाट आणि मजकूर लिहिण्याची जुनी रीत, दोन्ही एकाच वेळी बंद झाल्या. ज्यांचे लेखन तेव्हा चालू होते आणि ज्यांच्याभोवती मित्र होते, त्यांचा मजकूर या संगणकातून त्या संगणकात, जुन्या फॉन्टातून नव्यात, असा पुढे पुढे सरकत राहिला. जे एकटे होते, आजारी होते, किंवा २००१-०२ च्या आसपास गेले, त्यांचा मजकूर शेवटच्या डब्यातच राहिला. विदर्भ साहित्य संघ १९२३ पासून ज्या प्रदेशात काम करतो आहे, तिथल्या लेखकांची जुनी हस्तलिखिते कुठे ना कुठे सापडतात. १९९० च्या दशकात हस्तलिखितच संपले होते. होता तो माळ्यावरचा पिवळा पडलेला प्लास्टिकचा डबा, आणि तो दरवर्षी दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याला किलोवर जातो.

हार्ड डिस्क काढून तिला आजचा अडॅप्टर का लावत नाही, असे कोणी विचारील. डिस्क धड असेल तर तसेच करावे. पण अगदी जुन्या डिस्का आजच्या अडॅप्टरला ओळख देत नाहीत आणि काही इतक्या थकलेल्या असतात की त्यांच्या जुन्या सोबत्याकडूनच काय ते ऐकतात. अशा वेळी यंत्र जसेच्या तसे चालू करायचे, आणि मागच्या नऊ पिनांत तीच फुलीची तार. दुसऱ्या टोकाला आजचा लॅपटॉप, मधे यूएसबीचे सीरियल करणारा छोटा जोड. कोलंबिया विद्यापीठाने २०११ साली कर्मिटचा प्रकल्प बंद केला, पण प्रोग्रॅम सर्वांना खुला करून ठेवला. तो आजच्या यंत्रावरही चालतो. बेडूक दोन्ही काठांवर आहे.

गेल्या वर्षी अशाच एका डब्यातून महालातल्या एका दिवंगत शिक्षकांच्या कथा काढल्या. एकोणीस फाइली, सगळ्या मिळून एका फ्लॉपीतही मावतील एवढ्या, सीरियल तारेवर अडीच मिनिटांहून कमी वेळ. त्यानंतर मात्र आठ महिने गेले आहेत आणि काम चालूच आहे. आकार साठवणाऱ्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी बसते आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये दोन्ही उलट. रूपांतराचा प्रोग्रॅम हे नेहमीच ओळखतो असे नाही. 'परिस्थिती'ची 'परिसि्थती' होते, 'कार्यक्रमा'चा 'कायर्क्रम'. असले दोष डोळ्याला लगेच दिसतात आणि दुरुस्त करता येतात. खरी पंचाईत संवादांत आहे. कथेतली माणसे वऱ्हाडी बोलतात. 'पानी' लिहिले असेल तर ते 'पानी'च आहे, पण शुद्धलेखन तपासणारा प्रोग्रॅम त्याचे 'पाणी' करू पाहतो. 'डोया' दिसला की त्याला 'डोळा' हवा असतो. आणि काही ठिकाणी खरोखरच बिट सांडलेला आहे, तिथे मूळ शब्द कोणता होता ते फक्त त्यांचे बोलणे ऐकलेल्या माणसाला सांगता येते. म्हणून कागदावर छापून त्यांच्या मुलीकडे दर रविवारी घेऊन जातो. त्या मोठ्याने वाचतात, थांबतात, "बाबा असं नाही म्हणायचे," म्हणतात आणि पेन्सिलीने वर दुसरा शब्द लिहितात. अकरा कथा झाल्या आहेत. बाराव्या कथेत एका म्हातारीच्या तोंडी एक शब्द आहे, त्याची मधली दोन अक्षरे तीनही प्रतींत वेगवेगळी उतरली आहेत; त्यावर अजून आमचे ठरलेले नाही.